न मोजता कळणारा कोन

पाचवी-सहावीच्या भूमितीत 'अज्ञात कोनाचे माप काढा' ही उदाहरणे नसावीत, असे माझे कित्येक वर्षे ठाम मत होते. शिक्षक-प्रशिक्षणाच्या गटचर्चांत मी ते हिरिरीने मांडत असे आणि माझ्या वर्गात तसे वागतही असे. आता ते मत राहिलेले नाही. प्राथमिक शाळेच्या गणितात मुलांच्या विचाराला खरे वळण लावणारी उदाहरणे निवडायला सांगितली, तर आज मी सर्वांत आधी याच उदाहरणांवर बोट ठेवीन. हा बदल एका दिवसात झाला नाही आणि कुणी वादात हरवले म्हणूनही झाला नाही. तो कसा झाला आणि जुन्या मतातले काय मी अजूनही धरून आहे, ते मोकळेपणाने सांगावे म्हणून हे लिहिते आहे.

आधीचे मत उगीच झालेले नव्हते. मी नोकरीला लागले तेव्हा भूमितीचा तास म्हणजे फळ्यावर एक त्रिकोण, त्यात दोन कोनांची मापे आणि तिसऱ्याच्या जागी प्रश्नचिन्ह. मुले दोन मापांची बेरीज करायची, ती १८० मधून वजा करायची आणि उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळी व्हायची. त्रिकोणाकडे कुणी पाहतही नसे. तो पुसून टाकला असता तरी उत्तर तेच आले असते. पुढे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आला आणि घोकंपट्टी सोडून अनुभवातून शिकवण्याचा आग्रह सुरू झाला. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, तेव्हा ज्ञानरचनावाद हा शब्द शिक्षकांच्या बैठकांत रोजचा झाला. मला ते सगळे मनापासून पटले होते, आजही पटते. मुलांनी कागद कापावा, घड्या घालाव्यात, काड्या जोडून आकार करावेत, कोनमापक हाती घेऊन स्वतः मोजावे; वजाबाकीचा सराव वजाबाकीच्या तासाला करावा, एवढेच माझे म्हणणे होते. म्हणून मी प्रश्नचिन्हाची उदाहरणे बाजूला ठेवली आणि सगळा भर मोजण्यावर दिला.

पहिली शंका आली ती या मोजण्यातूनच. प्रत्येकाने मनाला येईल तसा त्रिकोण काढायचा, तिन्ही कोन मोजायचे आणि बेरीज फळ्यावर येऊन लिहायची, असा एक उपक्रम मी दरवर्षी घेत असे. फळ्यावर १७८, १८१, १८३, १७७ अशी यादी व्हायची. मग कुणाची तरी बेरीज नेमकी १८० यायची आणि ज्यांना मोठ्या भावंडांकडून ते आधीच कळलेले असायचे ती मुले मान डोलवायची. त्यानंतर लिहिल्या गेलेल्या बहुतेक बेरजा १८० च असायच्या. वह्या पाहिल्या तर ६४ चे ६६ केलेले, ५१ चे ४९ केलेले. मुलांना मी त्याचा दोष देत नाही. उत्तर ठाऊक असले की मोजणारा हात तिकडे झुकतोच. पण मला विचार पडला. शंभर त्रिकोण काळजीपूर्वक मोजले तरी हाती येणार ते 'साधारण १८०' एवढेच. त्रिकोणाचे कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवण्याची कृती आपण सगळेच करून घेतो. कोपरे सरळ रेषेत बसल्यासारखे दिसतात. पण बेरीज १७९ असती तरी डोळ्यांना ते तसेच दिसले असते. बेरीज नेमकी १८०, आणि तीही न काढलेल्या, न मोजलेल्या प्रत्येक त्रिकोणाची, हे कशावरून? या प्रश्नाला कोनमापकाकडे उत्तर नाही आणि माझ्या तासातही ते कुठे नव्हते.

दुसरा प्रसंग एका जुन्या सरावपुस्तकामुळे घडला. एका बदली तासाला मी मुलांना त्यातले एक पान जोडीजोडीने सोडवायला दिले. एक समद्विभुज त्रिकोण होता. वरचा कोन ४० अंश, दोन्ही तिरक्या बाजूंवर एकेक छोटी रेघ, म्हणजे त्या समान. पाया उजवीकडे बाहेर वाढवलेला आणि तिथल्या बाहेरच्या कोनात प्रश्नचिन्ह. आकृती कच्ची होती, मापाने काढलेली नव्हती. एका मुलाने सवयीप्रमाणे कोनमापक ठेवला आणि १०४ लिहिले. त्याची जोडीदारीण म्हणाली, ११०. तो म्हणाला, "मोजून बघ ना!" ती म्हणाली, "मोजायचं कशाला? ह्या दोन बाजू सारख्या, म्हणजे खालचे दोन कोन सारखे. चाळीस गेले की एकशे चाळीस उरतात, त्याचे अर्धे सत्तर. मग बाहेरचा एकशे दहा. दुसरं काही येऊच शकत नाही." मग दोघेही माझ्याकडे आले. "बाई, खरं कोणाचं? कोनमापकाचं की हिचं?"

तो प्रश्न मी वर्गापुढे ठेवला आणि तास संपेपर्यंत त्यावरच बोलणे झाले. कोनमापक खोटे बोलत नव्हता. कागदावरच्या रेघांमधला कोन १०४ अंशच होता. ती मुलगी मात्र त्या रेघांबद्दल बोलतच नव्हती. वरचा कोन ४० आणि बाजू समान असलेल्या कुठल्याही त्रिकोणाबद्दल ती बोलत होती, मग तो वहीत काढलेला असो, मैदानावर फक्कीने आखलेला असो, की अजून कुणी काढलेलाच नसो. मोजून कळते ते एका आकृतीपुरते. कारणाने कळते ते तशा सगळ्या आकृत्यांना लागू पडते. हा फरक अकरा वर्षांच्या मुलांना समजतो, नुसता समजतो असे नाही, त्यावर ती तावातावाने भांडू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिले. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एकाने आणखी एक गोष्ट दाखवली: ४० आणि ७० मिळवले तरी ११० च येतात, मग इतक्या लांबून कशाला जायचे? नेहमीच असे होईल का, असे विचारल्यावर मुलांनीच ते जुळवले. आतले तीन कोन मिळून १८०, आतला उजवा कोन आणि त्याच्या शेजारचा बाहेरचा कोन मिळूनही १८०. दोन्हींतून तो उजवा कोन काढून टाकला तर उरते ते सारखेच असणार. बाह्यकोन हा दूरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो, हे प्रमेय मोठ्या वर्गात सिद्धतेसह पाठ करायचे असते. ते या वर्गाने स्वतः शोधले होते, आणि शोधले ते मी वर्ज्य ठरवलेल्या प्रकारच्या उदाहरणातून.

त्यानंतर मी या उदाहरणांकडे पुन्हा बारकाईने पाहू लागले. वजाबाकी त्यांच्यात असतेच, पण ती शेवटच्या पायरीला. त्याआधी मुलाला ठरवावे लागते, की दिलेल्यातले काय उपयोगाचे आहे, कोणते दोन कोन मिळून सरळ कोन होतो, कोणते समोरासमोरचे म्हणून सारखे आहेत, कोणती बाजू कोणत्या बाजूइतकी आहे. ठाऊक असलेल्यावरून ठाऊक नसलेल्याकडे जायचे आणि प्रत्येक पावलाला कारण द्यायचे, ही सिद्धतेची रीत मुलाला पहिल्यांदा भेटते ती इथे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत तास कोरडे व्हायचे याचे कारण आता मला वेगळे दिसते. उदाहरणात जे विचारायचे ते आम्ही विचारतच नव्हतो. फक्त आकडा मागत होतो.

कारणे मागायला लागल्यावर एक मोठी अडचण पुढे आली. 'पायाचे कोन सारखे' हे कशावरून? '१८०' हे कशावरून? पुस्तकात आहे म्हणून, हे उत्तर मला चालवून घ्यायचे नव्हते, आणि वरच्या वर्गातल्या सिद्धता सहावीला पेलणाऱ्या नव्हत्या. इथे माझे जुने प्रेम कामाला आले: कागद आणि कात्री.

जाड कागदातून समद्विभुज त्रिकोण असा कापायचा की कागदात त्याच्या आकाराचे भोक राहील. मग तो त्रिकोण उलटा पालथा करून त्याच भोकात ठेवायचा. बरोबर बसतो. डावी बाजू उजवीच्या जागी गेली, उजवी डावीच्या. दोन्ही समान असल्यामुळे कुठेही फट राहिली नाही. म्हणजे डावा कोन उजव्याच्या जागी तंतोतंत बसला, म्हणून ते समान. त्रिकोणाची त्याच्याच पालथ्या रूपाशी तुलना करण्याची ही युक्ती अलेक्झांड्रियाच्या पॅपसची, इसवी सनाच्या चौथ्या शतकातली. युक्लिडने याच विधानाची सिद्धता पहिल्या खंडात पाचव्या क्रमांकाला दिली आहे, पण ती बरीच लांबलचक आहे. पॅपसची मात्र सहावीच्या मुलाच्या हातात मावते. विषमभुज त्रिकोण पालथा करून पाहिला की तो भोकात बसत नाही, तेव्हा समान बाजूंचे महत्त्व मुलांना न सांगता उमगते.

१८० साठी आम्ही आयतापासून सुरुवात करतो. आयताचे चार काटकोन, मिळून ३६०. कर्णावर कापला की दोन काटकोन त्रिकोण, एकमेकांवर ठेवले तर तंतोतंत जुळणारे. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला १८०, आणि काटकोन वगळला तर उरलेल्या दोन कोनांची बेरीज ९०. आता कुठलाही त्रिकोण घ्यायचा. त्याच्या सर्वांत मोठ्या कोनातून समोरच्या बाजूवर लंब टाकायचा. दोन काटकोन त्रिकोण तयार होतात. प्रत्येकातले लंबाच्या पायथ्याचे काटकोन सोडून दिले की एकात ९० उरतात, दुसऱ्यात ९०; आणि हेच मिळून मूळ त्रिकोणाचे तीन कोन. बेरीज १८०, साधारण नव्हे, नेमकी. ब्लेझ पास्कल बारा वर्षांचा असताना या विधानापर्यंत, म्हणजे युक्लिडच्या पहिल्या खंडातल्या बत्तिसाव्या विधानापर्यंत, स्वतःच्या बुद्धीने पोहोचला होता, असे त्याच्या बहिणीने लिहून ठेवले आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना पास्कल व्हायचे नाही. पण बारा वर्षांच्या डोक्याला हे झेपते, याचा मला त्यातून धीर आला.

त्रिकोण ओळखण्याबद्दलचे माझे मतही याच ओघात बदलले. ओळखणे म्हणजे आकार पाहून नाव सांगणे, आणि ते तर तिसरीतच झाले, असे मी धरून चालत असे. मग मी पीएर व्हॅन हिले आणि डिना व्हॅन हिले-गेल्डोफ या डच शिक्षक पती-पत्नींच्या कामाबद्दल वाचले. दोघांनी १९५७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठाला भूमितीच्या शिक्षणावर प्रबंध सादर केले होते. त्यांचे सांगणे असे, की मूल आधी अख्खा आकार पाहते, मग त्याचे गुणधर्म पाहू लागते, आणि त्यानंतर एका गुणधर्मावरून दुसरा कसा निघतो ते पाहू लागते. या पायऱ्या वयाने आपोआप चढल्या जात नाहीत, शिकवण्यातून चढल्या जातात.

याचा पडताळा कंपासपेटीतच मिळाला. गुण्या सरळ धरला की सगळी मुले काटकोन त्रिकोण म्हणतात. तोच गुण्या त्याची सर्वांत लांब बाजू खाली येईल असा धरला की अर्धा वर्ग गोंधळतो, कारण काटकोन आता टोकाला वर गेलेला असतो. निमुळता, सुईसारखा त्रिकोण काढला की 'हा त्रिकोण नाही' म्हणणारी मुले पाचवीतही भेटतात. ती आकाराला ओळखत असतात, गुणधर्माला नाही. आपल्या पुस्तकांतले आणि फळ्यावरचे त्रिकोण नेहमी आडव्या पायावर नीट बसलेले असतात, त्याचाही यात वाटा आहे.

आता मी फळ्यावर नऊ घरांचा तक्ता आखते. उभ्या बाजूला समभुज, समद्विभुज, विषमभुज. आडव्या बाजूला लघुकोन, काटकोन, विशालकोन. प्रत्येक घरात बसेल असा एकेक त्रिकोण मुलांनी काढायचा. सात घरे भरतात. 'समभुज आणि काटकोन' आणि 'समभुज आणि विशालकोन' ही दोन घरे रिकामी राहतात. मुले आधी हट्टाने प्रयत्न करतात, पट्टी वाकडी-तिकडी ठेवून पाहतात. मग कुणीतरी म्हणते, हे जमायचेच नाही. कशावरून? तिन्ही बाजू समान, म्हणून तिन्ही कोन समान, म्हणून प्रत्येकी ६०. त्यात काटकोनाला जागा कुठून येणार? ओळखण्याचा धडा आणि अज्ञात कोनाचा धडा मी दोन वेगळ्या महिन्यांत शिकवत असे. ते एकच आहेत, हे मला या तक्त्याने शिकवले. नाव हे कारण सांगायचे साधन होते. 'समद्विभुज' म्हटल्याबरोबर दोन कोन समान असल्याचे हाती येते, म्हणून ते नाव कामाचे.

एखादी आकृती संभवतच नाही, हे दाखवण्याची परंपरा आपल्या मातीतही जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त म्हटले आहे, की ज्या आकृतीची एक बाजू उरलेल्या बाजूंच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी सांगितली असेल, ती आकृतीच नव्हे. आणि ती होऊ शकत नाही हे तितक्या लांबीच्या सरळ काड्या मांडून दाखवावे, असेही तिथे सांगितले आहे. पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि तिच्यातल्या नियमांच्या उपपत्ती, म्हणजे कारणे, दिली. ३, ४ आणि ८ सेंटिमीटरच्या काड्या घेऊन त्रिकोण करायला मी मुलांना सांगते तेव्हा हे दोघे माझ्या मनात असतात. काड्या हातात आणि कारण डोक्यात, दोन्ही एकाच वेळी. मी आयुष्यभर ज्यांना एकमेकांविरुद्ध उभे केले होते, त्या कृती आणि तर्क या दोन गोष्टी तिथे शेजारी शेजारी आहेत.

मत पक्के झाले ते माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी नववीत असताना भेटली तेव्हा. भूमिती कशी चालली आहे विचारले, तर म्हणाली, "सगळी प्रमेयं पाठ झालीत, बाई." त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेची सिद्धता तिने घडाघडा म्हणून दाखवली, व्युत्क्रम कोन, रेषीय जोडी अशा कंसातल्या कारणांसकट. आकृतीला मी दुसरी अक्षरे दिली आणि समांतर रेषा दुसऱ्या शिरोबिंदूतून काढली, तशी ती थांबली. मुलगी हुशार होती, मेहनती होती. दहावीच्या गणित भाग २ मध्ये तिला पुढे हेच करायचे होते. पण 'कारण द्या' ही मागणी तिच्यापुढे एकदम नववीत आली होती. तोवर तिने मोजले होते, कापले होते, रंगवले होते. एका पावलाचे कारण स्वतः शोधून सांगायची वेळ तिच्यावर कुणी आणली नव्हती. हे काम पाचवी-सहावीत, एका-दोन पावलांच्या सोप्या उदाहरणांतून सुरू व्हायला हवे, हे त्या दिवसापासून मी मनाशी ठरवले.

जुन्या मतातले काही मी सोडलेले नाही. नुसता आकडा मागणारे, त्रिकोणाकडे न पाहता सुटणारे उदाहरण मला आजही निरुपयोगी वाटते. प्राथमिक वर्गात जादा रेषा काढल्याशिवाय न सुटणारी, भूलभुलैयासारखी कोडी सरसकट सगळ्यांना घालू नयेत, असेही वाटते. सिंगापूरच्या प्राथमिक अभ्यासक्रमातही अज्ञात कोन जादा रेषा न काढता काढायचे, अशी मर्यादा घातलेली आहे. आणि हातांनी करणे तर हवेच. पेन्सिल त्रिकोणाच्या एका बाजूवर ठेवून, प्रत्येक शिरोबिंदूपाशी त्या कोनाइतकी फिरवत नेली, की फेरी संपताना ती उलट्या दिशेला तोंड करून त्याच बाजूवर येते. अर्धी फेरी. पूर्ण फेरीचे ३६० भाग करणे ही माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे, तीन कोनांची मिळून अर्धी फेरी होणे ही ठरवलेली नाही, हे मुलांना त्या पेन्सिलीखेरीज मी कसे सांगितले असते?

शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आई-बाबांना माझे एवढेच सांगणे आहे. दहा उदाहरणे सोडवून घेण्यापेक्षा दोन घ्या, पण प्रत्येक पावलाचे कारण मुलाला पूर्ण वाक्यात सांगू द्या. उत्तर बरोबर आले तरी 'कशावरून?' विचारा, म्हणजे तो प्रश्न फक्त चुकल्यावर विचारायचा असतो असे मुलाला वाटणार नाही. दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येते का, ते पाहू द्या. अर्धे गुण कारणाला ठेवा. आणि मुलाने उलट आपल्यालाच 'कशावरून?' विचारले, तर 'पुस्तकात दिले आहे' म्हणून त्याला गप्प करू नका. कागद, कात्री घेऊन त्याच्याशेजारी बसा आणि कारण दोघे मिळून शोधा. प्राथमिक भूमितीतले जवळजवळ प्रत्येक कारण त्याला समजेल इतके जवळ आहे.